विरोधकाने जपलेले अक्षर

'आर्यभटीय' हा जेमतेम सव्वाशे श्लोकांचा ग्रंथ. त्याच्या गोलपाद या शेवटच्या भागात नववा आणि दहावा श्लोक लागोपाठ येतात. नवव्याचा आशय असा : पुढे चाललेल्या नावेतल्या माणसाला काठावरच्या जागच्या जागी असलेल्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच लंकेवरच्या, म्हणजे विषुववृत्तावरच्या, माणसाला स्थिर तारे सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. दहावा श्लोक उदय-अस्ताचे निमित्त काय, हेच सांगण्यासाठी आलेला आहे. त्याचा आशय : प्रवह नावाचा वारा ग्रहांसकट सगळा भपंजर, म्हणजे ताऱ्यांचा पिंजरा, अखंड पश्चिमेकडे रेटत असतो.

सूर्य रोज का उगवतो आणि का मावळतो, या एका प्रश्नाला एकाच ग्रंथकाराने एकापाठोपाठ दोन उत्तरे दिलेली दिसतात. पहिल्यात पृथ्वी फिरते, दुसऱ्यात आकाश. दोन्ही एकदम खरी असणे शक्य नाही. मग आर्यभटाचे स्वतःचे मत कोणते?

हा प्रश्न मराठीत कागदपत्रे समोर मांडून ज्यांनी तपासला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातील मुरूडचे. जन्म 1853 चा. रावसाहेब मंडलीक आणि महर्षी कर्वे याच गावचे. हर्णै बंदर आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग हाकेच्या अंतरावर. दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि मग जन्मभर मास्तरकी केली : रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज. 1898 मध्ये, पंचेचाळिशीही पुरी व्हायच्या आत, ते गेले. त्याआधी दोनच वर्षे त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ पुण्यात छापून झाला होता. वेदकाळापासून त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा इतका सलग इतिहास तोवर कोणत्याही भारतीय भाषेत झालेला नव्हता. पुढे त्याचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले.

मुरूडच्या किनाऱ्यावर उभे राहिले की आपला प्रश्न डोळ्यांपुढेच असतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य सह्याद्रीच्या अंगाने डोंगरांमागून वर येतो आणि समुद्रात बुडतो. बुडण्याची जागा मात्र वर्षभर एक नसते. डिसेंबरात ती ठीक पश्चिमेच्या दक्षिणेला पावणेपंचवीस अंशांपर्यंत सरकते आणि जूनमध्ये तितकीच उत्तरेला. दक्षिणेचे टोक स्वच्छ थंडीच्या दिवसांत नीट पाहायला मिळते. उत्तरेचे टोक येते तेव्हा पावसाळ्याने आभाळ झाकलेले असते. सूर्यबिंबाची खालची कड पाण्याला लागल्यापासून वरची कड बुडेपर्यंत विषुवदिनाच्या सुमारास सव्वादोन मिनिटे जातात. यातही डोळ्यांची फसगत आहे. क्षितिजाजवळ हवा प्रकाशाला सुमारे 34 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकवते आणि बिंबाचा व्यास असतो 32 कला. म्हणजे बिंब पाण्याला नुसते टेकलेले दिसते, तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने सूर्य आधीच बुडालेला असतो. दिसते ते आणि असते ते यांत अंतर पडते, हे शिकवायला कोकणच्या किनाऱ्याइतकी चांगली शाळा नाही.

पण किनारा फक्त शंका देतो, निवाडा देत नाही. आर्यभटाचे मत ठरवायचे तर पोथीच हवी, आणि ती पोथी फार उशिरा हाती लागली.

हेन्री कोलब्रुकने 1817 मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे गणित इंग्रजीत आणले, तेव्हा आर्यभटाचा ग्रंथ त्याला मिळालेला नव्हता. जे कळले ते इतरांनी त्याच्याविषयी लिहून ठेवलेल्या मजकुरातून. पुढे जवळपास अर्धशतक तीच स्थिती राहिली. मग मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे भाऊ दाजी लाड यांनी केरळातून 'आर्यभटीया'च्या प्रती मिळवल्या. 1865 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. आर्यभट नावाचे दोन ग्रंथकार निरनिराळे आहेत आणि मोठा 'आर्यसिद्धांत' हा जुन्या आर्यभटाचा नव्हे, हा गुंता त्यात त्यांनी सोडवला. 1874 मध्ये हेंड्रिक केर्नने परमेश्वर या केरळी ज्योतिष्याच्या टीकेसह मूळ ग्रंथ हॉलंडमधल्या लायडनला छापला. त्याच वर्षी भाऊ दाजी वारले.

दीक्षित अभ्यासाला बसले, तेव्हा हे पुस्तक छापून फार वर्षे झालेली नव्हती. कामाचे निमित्त पंचांगवादाचे होते. केरोपंत छत्र्यांनी पंचांगातल्या गणिताला हात घातल्यापासून महाराष्ट्रात पंचांग सायन (संपाताला धरून) की निरयन (ताऱ्यांना धरून), हा वाद पेटला होता. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित सायनाच्या बाजूचे. दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला आणि दीक्षितांनी त्या निमित्ताने जमवलेल्या साहित्यातून पुढे मोठा ग्रंथ उभा राहिला. स्वतः वादात उतरलेला माणूस इतिहास लिहायला बसला, की आपल्या बाजूचे पुरावे तेवढे उचलण्याचा मोह होतो. दीक्षितांचे पुस्तक वाचताना जाणवते, की त्यांनी तो मोह पुष्कळ आवरला. त्यांनी आर्यभटाला पृथ्वीच्या दैनंदिन भ्रमणाचा पुरस्कर्ता ठरवले ते एका सुंदर उपमेवर भाळून नव्हे. ते कोणत्या साक्षींवर टिकते, हे आता एकेक करून पाहू.

पहिली साक्ष आकड्यांची. आर्यभट आपल्या ग्रंथाच्या आरंभी, अक्षरांना संख्यांचे मोल देण्याच्या स्वतःच्या पद्धतीने, एका महायुगातल्या फेऱ्या सांगतो. महायुग 43,20,000 वर्षांचे. सूर्याच्या फेऱ्या तितक्याच. चंद्राच्या, शनीच्या, गुरूच्या, मंगळाच्या फेऱ्या अशाच मांडलेल्या; आणि त्यांच्याच रांगेत पृथ्वीच्या पूर्वेकडच्या फेऱ्या : 1,58,22,37,500. ज्याला पृथ्वी स्थिर वाटते, त्याने हा आकडा ताऱ्यांच्या नावावर मांडला असता. इथे तो पृथ्वीच्या नावावर आहे आणि दिशाही पूर्वेची आहे.

हा आकडा नुसता शोभेचा नाही. त्यातून सूर्याच्या 43,20,000 फेऱ्या वजा केल्या, की राहतात 1,57,79,17,500, आणि तेच महायुगातले सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस. कालक्रियापादात आर्यभट सूर्य आणि पृथ्वी यांच्या योगांना दिवस म्हणतो, ते याच अर्थाने. पृथ्वीची एक फेरी पुरी झाली तरी तेवढ्यात सूर्य ताऱ्यांमधून थोडा पूर्वेला सरकलेला असतो. त्याला गाठायला आणखी थोडे फिरावे लागते. भागाकार करून पाहिला तर पृथ्वीची एक फेरी 23 तास 56 मिनिटे 4.1 सेकंदांची येते. आजचे मोजमाप 23 तास 56 मिनिटे 4.09 सेकंद. शके 421 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी कुसुमपुरात लिहिणाऱ्या माणसाचा हा आकडा आहे. मात्र एवढ्यावरून त्याला पृथ्वीचे फिरणे सिद्ध करता आले, असे म्हणता येत नाही. आकाश फिरते असे धरले, तरी आकडा हाच येईल. आकडा कोणाच्या नावावर मांडला, एवढीच इथली साक्ष.

दुसरी साक्ष एका अक्षराची. त्याच भागात पुढे आर्यभट म्हणतो, की एका प्राणात एक कला इतके सरकणे होते. प्राण म्हणजे एक श्वास, चार सेकंदांचा. दिवसात प्राण 21,600 आणि वर्तुळात कलाही 21,600. हिशेब चोख बसतो. पण सरकते ते काय? एका पाठात 'भूः' आहे, म्हणजे पृथ्वी. दुसऱ्या पाठात 'भं' आहे, म्हणजे नक्षत्र, तारामंडळ. एका स्वराचा आणि विसर्ग-अनुस्वाराचा फरक. छंदाला धक्का नाही, लेखनिकाचे बोट सहज घसरावे इतके अंतर. पण तेवढ्याने विश्व उलटे होते. परमेश्वराची टीका 'भं' हा पाठ धरून चालते. म्हणजे केर्नच्या पुस्तकातली टीका वाचणाऱ्याला आर्यभट स्थिर पृथ्वीचाच वाटावा.

मग 'भूः' खरे कशावरून? इथे तिसरी साक्ष येते, आणि ती विरोधकाची आहे.

भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने इसवी सन 628 मध्ये, 'आर्यभटीया'नंतर 129 वर्षांनी, 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. त्यातला अकरावा अध्याय इतरांच्या ग्रंथांची दूषणे काढण्यासाठीच आहे आणि आर्यभट हे त्याचे मुख्य लक्ष्य. तिथे तो आर्यभटाचे तेच शब्द उचलतो आणि विचारतो : एका प्राणात पृथ्वी एक कला जाते म्हणता, तर ती कुठून कुठे जाते, कोणत्या वाटेने? आणि ती जागच्या जागी गरगरत असेल, तर उंच वस्तू पडत कशा नाहीत? हा प्रश्न 'भं' पाठावर विचारताच येत नाही. तारे सरकतात असे म्हणणाऱ्याला, पृथ्वी कुठे गेली, असे कोण विचारील? ब्रह्मगुप्तापुढच्या प्रतीत 'भूः' होते, यात संशयाला जागा राहत नाही. आर्यभटाच्या परंपरेत वाढलेल्या टीकाकारांनी आचार्याचा मान राखायला अक्षर बदललेले स्वीकारले. ज्याला आचार्याची चूक दाखवायची होती, त्याने ते जसेच्या तसे जपून ठेवले. आजचे अभ्यासक 'भूः' हाच मूळ पाठ मानतात. 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' काशीहून छापून निघाला 1902 मध्ये, दीक्षित गेल्यानंतर चार वर्षांनी. दीक्षितांना तो हस्तलिखितातूनच वाचावा लागला होता.

वराहमिहिराची साक्षही अशीच, पण तिचे मोल थोडे कमी. 'पंचसिद्धांतिके'च्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो, की काहींच्या मते पृथ्वी सहाणेवर चढवल्यासारखी फिरते, तारामंडळ फिरत नाही. तसे असते तर ससाण्यासारखे पक्षी आकाशातून परत आपल्या घरट्यात येऊ शकले नसते. आणि पृथ्वी दिवसात एक फेरी घेत असती तर त्या वेगाने पताका नेहमी पश्चिमेकडेच फडफडल्या असत्या. इथे आर्यभटाचे नाव नाही, 'काही' एवढेच आहे. म्हणून ही साक्ष एवढेच सांगते, की सहाव्या शतकात असे मत बाळगणारे कोणी होते आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतके ते प्रचलित होते. या ग्रंथाची हस्तलिखिते मुंबई सरकारसाठी ब्यूलरने मिळवलेल्या संग्रहातली. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होती. थिबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी 1889 मध्ये ती छापली, आणि पुढच्याच वर्षी त्या ग्रंथावरचे दीक्षितांचे लेख 'इंडियन अँटिक्वरी'त आले.

चौथी साक्ष बाजूने बोलणाऱ्याची. नवव्या शतकात पृथूदकस्वामीने ब्रह्मगुप्ताच्याच ग्रंथावर टीका लिहिली, आणि आर्यभटावरचे आक्षेप समजावून सांगताना तो हळूच आर्यभटाच्या बाजूला गेला. कोलब्रुकने त्याचे म्हणणे नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की आर्यभटाचे मत पटण्याजोगे आहे. कारण ग्रहांना एकाच वेळी दोन उलट गती असू शकत नाहीत. उंच वस्तू पडतील हा आक्षेपही लागू पडत नाही, कारण पृथ्वीवर जो जिथे उभा असेल, त्याला तीच जागा वरची असते. ज्याच्या ग्रंथावर टीका लिहायची, त्याचाच आक्षेप टीकाकाराने नाकारावा, हे आपल्या शास्त्रपरंपरेत वाटते तितके दुर्मीळ नाही. आपण ते वाचत नाही, एवढेच.

आता गैरसोयीचा दहावा श्लोक. तो प्रक्षिप्त म्हणून बाजूला सारावा, असा पुरावा नाही. टीकाकारांनी नेमका त्याचाच आधार घेऊन नववा श्लोक फिरवला : नावेतल्या माणसाला जसा भ्रम होतो, तसा पृथ्वी फिरते हाच भ्रम आहे, असा अर्थ त्यांनी लावला. पण उपमा तसे म्हणू देत नाही. नावेत फिरणारा बसलेला आहे आणि काठ स्थिर आहे; त्या जागी पृथ्वीवरचा माणूस आणि स्थिर तारे आहेत. शिवाय आकडा, अक्षर आणि विरोधक या तिन्ही साक्षी एका बाजूला पडतात. दहाव्या श्लोकात रूढ समजूत, किंवा गोल रचून शिकवताना धरायची सोय सांगितली असावी, असे म्हणणे त्यामुळे जास्त सयुक्तिक ठरते. तरी तो श्लोक तिथे आहे, हे सांगितल्याशिवाय नववा सांगू नये. आज भाषणांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांतून नववा फिरत असतो; दहावा कोणी उच्चारत नाही.

दुसरी मर्यादाही तितकीच पाळायला हवी. याच आर्यभटाने महायुगातल्या सूर्याच्या 43,20,000 फेऱ्या सांगितल्या आहेत. त्याच्या मांडणीत पृथ्वी मध्यभागी आहे आणि सूर्य तिच्याभोवती वर्षाची फेरी घेतो. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे एक आणि सूर्याभोवती फिरणे दुसरे. पहिल्याचे श्रेय आर्यभटाला निःसंशय द्यावे. दुसरे त्याच्या नावावर मांडून कोपर्निकसच्या 1543 च्या ग्रंथाशी शर्यत लावणे कागदपत्रांना धरून नाही. रोजच्या उदय-अस्ताला पहिलेच पुरेसे आहे.

मग वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि त्यांच्या मागून आलेला लल्ल हे काय अडाणी होते? लल्लाचा आक्षेप घेऊन पाहू. तो विचारतो, की पृथ्वी फिरत असेल तर सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेला पडायला हवा. मुरूडच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे 443 मीटर वेगाने जाते. एका प्राणात पावणेदोन किलोमीटर. सेकंदाला 50 मीटर वेगाने वर सोडलेला बाण हवेचा अडथळा नसता तर सव्वाशे मीटर चढून दहा सेकंदांनी परत येईल. तेवढ्यात जमीन साडेचार किलोमीटर पुढे गेलेली असेल. लल्लाचा हिशेब असा आहे, आणि तो मूर्खाचा नाही. चूक एवढीच, की धनुष्य सुटताना बाणाजवळही तो 443 मीटरचा वेग असतो आणि हवेत गेल्यावर तो कोणी काढून घेत नाही. गंमत अशी, की बाण खरोखरच थोडा पश्चिमेला पडतो. पण साडेचार किलोमीटर नव्हे, सुमारे 12 सेंटिमीटर. दिशा लल्लाची बरोबर, माप हुकलेले. धनुर्धराचा हात तेवढा कापतोच, त्यामुळे प्रयोग करूनही त्याला काही कळले नसते.

गतीत असलेली वस्तू गती टिकवून ठेवते, ही कल्पना हाताशी नसताना पक्ष्यांचा, पताकांचा आणि बाणांचा आक्षेप बिनतोड होता. आर्यभटाने त्याला उत्तर दिलेले त्याच्या ग्रंथात नाही. त्याची नाव काठाकडे पाहते. बाहेरचे जग उलटे का जाते, एवढे ती समजावते. 1632 मध्ये गॅलिलिओने आपल्या 'संवादा'त जहाजाच्या तळघराची दारे बंद करून घेतली आणि आतल्या माश्या, फुलपाखरे, ठिबकणारे पाणी पाहायला सांगितले : जहाज संथ चालत असेल तर आत काहीच फरक दिसत नाही. पक्ष्यांच्या आक्षेपाला उत्तर त्या बंद तळघरात मिळाले. एका नावेत बसून बाहेर पाहणारा आणि दुसऱ्या नावेत बसून आत पाहणारा, यांच्यामध्ये अकराशे वर्षांहून अधिक काळ गेला.

एवढा काळ प्रश्न लोंबकळत राहिला, याला आणखी एक साधे कारण आहे : तो सोडवायची कोणाला गरज नव्हती. अल्बेरुनीने इसवी सन 1030 च्या सुमारास ब्रह्मगुप्ताचा मजकूर पाहून लिहिले, की पृथ्वी फिरते असे मानल्याने ज्योतिषाच्या गणिताचे काही बिघडत नाही. दोन्ही मतांनी आकाशातले सारे देखावे सारखेच समजावता येतात. तेच आपल्याकडे झाले. भास्कराचार्याने पृथ्वीला आकर्षणशक्ती दिली, पण ती स्थिरच ठेवली. दीक्षितांच्या मुरूडहून उत्तरेला त्याच किनाऱ्यावर, जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, गणेश दैवज्ञाने शके 1442 मध्ये 'ग्रहलाघव' रचला आणि महाराष्ट्राची पंचांगे शतकानुशतके त्यावर चालली. त्यातही पृथ्वी जागची हलत नाही, तरी सूर्योदयाची घटका ज्याच्या त्याच्या गावाला बरोबर मिळत होती. पंचांग चुकत होते ते ग्रहांच्या गतींत साचलेल्या सूक्ष्म फरकांमुळे. 1836 मध्ये सुबाजी बापूंनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' मराठीत लिहून पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकसची नवी रीत शेजारी शेजारी मांडली, तोवर मराठी वाचकाला हा प्रश्न निकडीचा वाटायचे कारणच नव्हते.

सूर्याकडे न पाहता, बंद खोलीत पृथ्वीचे फिरणे दाखवणारा पुरावा 1851 मध्ये पॅरिसला मिळाला. लेऑं फूकोने पँथिऑनच्या घुमटातून 67 मीटर लांबीच्या तारेला गोळा टांगून झोका दिला. झोक्याची दिशा तासातासाला वळत गेली, कारण खालची जमीन वळत होती. रत्नागिरीच्या सतरा अंश अक्षांशावर असा लंबक लावला, तर त्याच्या झोक्याला पुरी फेरी घ्यायला सुमारे 82 तास लागतील; ध्रुवावर एक दिवस पुरतो. दीक्षित जन्मले तेव्हा या प्रयोगाला दोनच वर्षे झाली होती. म्हणजे पृथ्वी फिरते की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. तो सुटलेलाच होता. त्यांच्यापुढचा प्रश्न इतिहासाचा होता : हे आपल्याकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत म्हटले? आजचे उत्तर ठाऊक असताना जुना कागद वाचणे जास्त अवघड असते, कारण हवे ते त्यात दिसू लागते.

दीक्षितांनी उदयाचा आणखी एक कागद वाचला, आणि त्यांचे नाव देशाबाहेर त्यानेच जास्त गाजले. 'शतपथ ब्राह्मणा'त कृत्तिकांविषयी म्हटले आहे, की त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी याचा अर्थ घेतला : त्या वेळी कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हजारो वर्षांत सरकतात. आज रत्नागिरीहून पाहिले तर कृत्तिका पूर्वबिंदूपासून उत्तरेला सुमारे पंचवीस अंशांवर, जवळजवळ जूनच्या सूर्याच्या जागी उगवतात. त्या विषुववृत्तावर केव्हा होत्या, याचे गणित करून दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमाराचा ठरवला आणि 1895 मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध केला. गणित चोख आहे. पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली ती वाक्याच्या अर्थावर : 'पूर्वेला' म्हणजे रेखून पूर्वेला, की नुसते पूर्वेच्या अंगाला? ग्रंथरचनेचा काळ आणि जुनी आठवण यांत फरक असू शकतो, हाही आक्षेप आहे. तरी वाद घालता यावा असे ते विधान आहे : वाक्य समोर, गणित समोर, ज्याला खोडायचे त्याने खोडावे. पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेले. 1903 मध्ये ते पुस्तक आले. तिथे अनुमानांचा मजला जितका उंच चढला, तितका पाया रुंद नव्हता, असे आजचे संशोधन म्हणते.

आजच्या रत्नागिरीत हा जुना हिशेब घड्याळात लपलेला आहे. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून 82 अंश 30 कला रेखांशावर बांधली गेली. रत्नागिरी 73 अंश 18 कलांच्या आसपास. मधले अंतर 9 अंश 12 कला, म्हणजे 552 कला. एका कलेला एक प्राण लावला की 552 प्राण, म्हणजे 36 मिनिटे 48 सेकंद. प्रमाणवेळेच्या रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला, सूर्य माथ्यावर आल्यानंतर रत्नागिरीच्या माथ्यावर येईपर्यंत पृथ्वी 552 श्वास फिरलेली असते. म्हणून इथली मध्यान्ह घड्याळातल्या बारांना होत नाही. ऋतूप्रमाणे मागेपुढे होत ती साडेबाराच्या आसपास कधीतरी होते. पंचांगातला सूर्योदय गावोगाव वेगळा छापावा लागतो तोही याच कारणाने. तरी पंचांगकार 'पृथ्वी वळली' असे छापत नाही, 'सूर्योदय' असेच छापतो, आणि ते बरोबरच आहे. नावेत बसलेल्याने काठ मागे गेला असेच म्हणावे. फक्त नाव चालते आहे, हे विसरू नये.

आर्यभटाच्या ग्रंथातले ते अक्षर ज्यांच्या हातून गेले, ते सगळे त्याला मानणारे होते. त्यांना त्याचे बोलणे विचित्र वाटले, आचार्य असे म्हणणार नाहीत असे वाटले, आणि 'भूः'चे 'भं' झालेले त्यांना खुपले नाही. ब्रह्मगुप्ताला आर्यभटाविषयी तसला जिव्हाळा नव्हता. त्याला वाद जिंकायचा होता, आणि वाद जिंकायचा तर समोरच्याचे शब्द तंतोतंत उचलावे लागतात. मुरूडच्या मास्तरांच्या हाती पृथ्वीचे फिरणे पोचले, ते ती फिरत नाही असे सिद्ध करायला निघालेल्या माणसाच्या पोथीतून.